कादंबरीतल्या दोन मुलांच्या परिपक्वतेची तुलना : पहिल्यांदा लिहिणाऱ्यांसाठी

मुलं मोठी होतात त्या प्रवासाची कादंबरी वाचायला लावली की त्यावरचा एक प्रश्न ठरलेला असतो : यातल्या दोघांपैकी जास्त परिपक्व कोण, आणि का? प्रश्न सोपा वाटतो. मी पहिल्यांदा असा निबंध लिहायला बसले तेव्हा कागदाच्या मधोमध रेघ मारली. डावीकडे एकाचे गुण, उजवीकडे दुसऱ्याचे. जबाबदार, हळवा, हट्टी, समजूतदार. याद्या भरल्या आणि शेवटी 'दोघेही आपापल्या परीने परिपक्व आहेत' असं लिहून कागद दिला. परत आला तेव्हा त्यावर लाल शाईत एकच प्रश्न होता : 'हे कादंबरीत कुठे दिसतं?' माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी गुणांची नावं लिहिली होती, पण ती मुलं कुठल्या पानावर काय करतात ते एकदाही पाहिलं नव्हतं.

त्यानंतर अशा तुलना पुष्कळ लिहिल्या आणि इतरांच्याही वाचून दिल्या. अडखळण्याच्या जागा सगळ्यांच्या त्याच असतात. म्हणून हा लेख. पायऱ्या क्रमाने करा. चौथ्या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण खरं काम तिथेच होतं.

उदाहरणासाठी मी एकच कादंबरी घेते आहे : हार्पर ली यांची १९६० साली आलेली 'टू किल अ मॉकिंगबर्ड'. त्यातले जेम आणि स्काउट हे भाऊ-बहीण या कामासाठी उत्तम आहेत. त्यांचे वडील ॲटिकस वकील आहेत आणि खोट्या आरोपात अडकलेल्या टॉम रॉबिन्सन या काळ्या माणसाचा खटला लढवतात. शेजारी बू रॅडली राहतो, वर्षानुवर्षं घराबाहेर न पडलेला. तुम्ही ती वाचली नसेल तर आधी वाचून या. पुढे तिचा शेवट सांगितला आहे. तुमची कादंबरी दुसरी असली तरी पायऱ्या याच.

काय काय जवळ हवं

- कादंबरीची स्वतःची प्रत. उसनी असेल तर चिकटपट्ट्या किंवा चिठ्ठ्या हव्यातच.
- दोन रंगांच्या पेन्सिली, एका पात्राला एक रंग.
- प्रसंगांची वही. प्रत्येक नोंदीला पान क्रमांक. हा कंटाळा केलात तर शेवटच्या रात्री एक वाक्य शोधायला अख्खी कादंबरी चाळावी लागेल.
- दोनदा वाचायला पुरेल इतका वेळ. पहिल्या वाचनात गोष्ट आपल्याला ओढून नेते, त्यामुळे खुणा दुसऱ्या वाचनात करा.

गाइड, सारांश, तयार उत्तरं हे सगळं सातव्या पायरीपर्यंत बाजूला ठेवा. ते वाईट असतं असं नाही. पण एकदा वाचलं की तुम्हाला तेच प्रसंग दिसायला लागतात जे सगळ्यांना दिसले.

१. 'परिपक्व' म्हणजे काय, ते आधी ठरवा

बहुतेकांचा निबंध इथेच निसटतो, आणि लिहिणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. मराठीत या शब्दाच्या आसपास बरेच शब्द आहेत आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. समंजस मूल समोरच्याची अडचण ओळखून आपला हट्ट सोडतं. पोक्त मूल वयापेक्षा मोठ्यांसारखं बोलतं आणि वागतं. आपण त्याचं कौतुक करतो आणि मनात कुठेतरी हळहळतोही. जबाबदार मूल अंगावर घेतलेलं काम तडीस नेतं. जाणतं मूल म्हणजे ज्याला जग कसं चालतं ते कळलेलं असतं, त्यातल्या अन्यायासकट. आणि प्रगल्भ म्हणताना आपल्या मनात बहुधा विचारांची खोली असते.

आता गंमत बघा. एकच मूल एकाच वेळी जाणतं आणि असमंजस असू शकतं. जग कळलं म्हणूनच ते चिडतं, तुटक बोलतं, लहान भावंडावर डाफरतं. 'परिपक्व' हा एकच शब्द वापरत राहिलात तर ही गोष्ट तुम्हाला मांडताच येणार नाही. तुमच्या दोन पात्रांना कोणते दोन वेगळे शब्द लागू पडतात ते शोधा. ते सापडले की निबंधाचं विधान जवळजवळ हातात आलं.

या प्रकाराच्या नावातही हा अर्थ आहे. जर्मनमध्ये अशा कादंबरीला 'बिल्डुंग्सरोमान' म्हणतात. 'बिल्डुंग' म्हणजे घडण, जडणघडण. जर्मन लेखक ग्योथेची 'विल्हेल्म माइस्टर'ची १७९५-९६ मधली कादंबरी या प्रकाराचा नमुना मानली जाते. घडण म्हटलं की घडवणारी परिस्थिती आली, घाव आले, वेळ आला. म्हणून मूल शेवटी कसं आहे एवढ्यावर थांबू नका. ते कशाने घडलं, हाच तुमचा विषय.

२. जोडी नीट निवडा, आणि वयाचा हिशोब मांडा

निवड तुमच्या हातात असेल तर अशी दोन मुलं घ्या जी एकाच घटनेतून जातात. एक गावात, दुसरा शहरात आणि दोघांची भेट फक्त शेवटी, अशी जोडी पहिल्या प्रयत्नाला घेऊ नका.

मग वहीत वय लिहा : सुरुवातीला किती, शेवटी किती, प्रत्येक मोठ्या प्रसंगात किती. स्काउट सुरुवातीला सहा वर्षांचीही झालेली नाही आणि जेम दहाच्या उंबरठ्यावर आहे. कथा साधारण तीन वर्षं चालते. म्हणजे शेवटी स्काउट ज्या वयाला पोचते, ते वय जेमने सुरुवातीलाच ओलांडलेलं होतं. लहान मुलांच्या बाबतीत चार वर्षांचं अंतर फार मोठं असतं. 'जेमला खटल्यातलं जास्त कळतं, म्हणून तो जास्त परिपक्व' असं लिहिलंत तर तुम्ही फक्त त्याचा वाढदिवस सांगितलात. वयाने मोठं असण्यातून आपोआप आलेलं काय आणि त्या मुलाने स्वतः कमावलेलं काय, हे वेगळं काढता आलं पाहिजे.

३. गोष्ट कोण सांगतंय ते बघा

हे नवख्यांच्या लक्षातच येत नाही. 'मॉकिंगबर्ड'ची निवेदक स्काउट आहे, पण सहा वर्षांची नव्हे. मोठी झालेली स्काउट मागे वळून सांगते आहे. त्यामुळे कितीतरी शहाणी वाक्यं त्या मोठ्या बाईची आहेत. ती उचलून 'बघा, स्काउट किती प्रगल्भ विचार करते' असं लिहिलंत तर चूक झाली. दुसऱ्या वाचनात प्रत्येक चिठ्ठीवर एक अक्षर टाका : 'ल' म्हणजे हे त्या वेळच्या लहान मुलीचं, 'मो' म्हणजे मोठेपणीचं.

सगळ्या कादंबऱ्या अशा नसतात. मिलिंद बोकीलांच्या 'शाळा'मध्ये (२००४) नववीतला मुकुंद स्वतःच बोलतो, आणि बोलतो तो नववीतल्याच मुलासारखा. तिथे मागाहून आलेलं शहाणपण वेगळं काढायची गरज कमी पडते. त्याऐवजी निवेदकाला स्वतःला काय कळलेलं नाही आणि आपल्या वाचकाला मात्र कळतंय, ते टिपावं लागतं.

दुसरा मुद्दा न्यायाचा आहे. निवेदकाचं मन आपल्याला आतून दिसतं आणि दुसऱ्याचं फक्त बाहेरून. जेमच्या मनात काय चाललंय हे आपल्याला कोणी सांगत नाही. बहिणीच्या नजरेला जे पडतं तेवढंच मिळतं. म्हणून त्याच्या कृतींना जास्त वजन द्यायला लागतं. दार आपटणं, गप्प बसणं, एखादी वस्तू हातात फिरवत राहणं, हे सगळं त्याचं बोलणंच समजा.

४. सामाईक प्रसंग शोधा आणि दोघांना शेजारी उभं करा

आता मुख्य काम. दोघंही हजर आहेत असे चार-पाच प्रसंग निवडा. प्रत्येकाला वहीत एक पान द्या आणि प्रत्येक मुलाबद्दल चार प्रश्न विचारा. त्याला काय दिसलं? त्याला त्याचा काय अर्थ लागला? त्याने काय केलं? आणि नंतर, पुढच्या पानांवर, त्यातलं काय उरलं? चौथा प्रश्न बहुतेक जण गाळतात. वाढ दिसते ती तिथेच.

एक प्रसंग जवळून बघू. रस्त्याकडेच्या एका झाडाच्या ढोलीत मुलांना वस्तू सापडत जातात. च्युइंगगम, जुनी नाणी, साबणात कोरलेल्या दोन बाहुल्या, एक बंद पडलेलं घड्याळ. कोणीतरी आपल्यासाठी हे ठेवतंय, इतकं त्यांना कळतं. ते आभाराचं पत्र लिहितात. पत्र ठेवायला जातात तर ढोली सिमेंटने बुजवलेली. जेम बहिणीला म्हणतो, रडू नकोस. दुसऱ्या दिवशी तो बूच्या भावाला, नेथन रॅडलीला, गाठून विचारतो, आणि उत्तर मिळतं की झाड मरायला टेकलंय. संध्याकाळी तो वडिलांना, ॲटिकसना, झाडाकडे बघून सांगायला लावतो. ते म्हणतात, झाड तर ठणठणीत दिसतंय. मग जेम अंधार पडेपर्यंत बाहेर व्हरांड्यात उभा राहतो. तो आत येतो तेव्हा स्काउटला दिसतं की तो रडलाय. चेहरा बरोबर त्या त्या जागी मळलेला आहे. पण तिला नवल वाटतं ते एवढंच, की आपल्याला त्याचा आवाज कसा आला नाही.

आता चार प्रश्न लावा. दोघांना एकच सिमेंट दिसलं. स्काउटसाठी भेटवस्तू बंद झाल्या. जेमला कळलं की एका मोठ्या माणसाने खोटं सांगितलं, आणि ते सुद्धा आपल्याच भावाचा, बूचा, बाहेरच्या जगाशी असलेला एकुलता एक धागा तोडण्यासाठी. जेमने काय केलं? आरोप केला नाही. आधी विचारलं, मग पडताळून पाहिलं, मग एकटाच रडला. लक्षात घ्या, स्काउटने रडल्याची खूण अचूक टिपली. तिची नजर कुठेच कमी पडली नाही. तिला फक्त त्या रडण्यामागचं कारण लागलं नाही. 'दिसणं' आणि 'कळणं' यांतलं हे अंतर एका संध्याकाळीत मावतं. दहा विशेषणांनी होणार नाही ते काम हा एक परिच्छेद करतो.

दुसरा प्रसंग याच्या उलट बाजूने जातो, आणि असा एक तरी घ्यायलाच हवा. तुरुंगाबाहेर रात्री माणसांचा जमाव आलाय. आत कैदेत असलेल्या टॉम रॉबिन्सनला बाहेर काढून मारायचा त्यांचा बेत आहे. ॲटिकस जेमला घरी जा म्हणतात आणि जेम ठाम नकार देतो. त्याला धोका कळलाय, आणि कळूनही तो वडिलांना सोडत नाही. स्काउटला यातलं काहीही कळलेलं नाही. तिला जमावात ओळखीचे मिस्टर कनिंगहॅम दिसतात आणि ती त्यांच्याशी बोलायला लागते. तुमच्या जमिनीच्या भानगडीचं कुठवर आलं, तुमचा मुलगा माझ्या वर्गात आहे, त्याला मी विचारलंय म्हणून सांगा. तो माणूस खाली वाकतो, तिच्याशी दोन शब्द बोलतो आणि सगळ्यांना घेऊन निघून जातो.

इथे जास्त परिपक्व कोण? जेमचं धैर्य जाणतं आहे, त्याला किंमत माहीत आहे. स्काउटच्या बोलण्याचा परिणाम मोठा झाला, पण परिणाम म्हणजे परिपक्वता नव्हे. आणि तरी 'तिने हे नकळत केलं' एवढं म्हणून सोडून देऊ नका. समोरच्या माणसाशी त्याला जिव्हाळ्याच्या विषयावर बोलावं, हे तिला शिकवलेलं होतं आणि ती ते मनापासून करत होती. चौथा प्रश्न लावा : त्या रात्री अंथरुणात पडल्यावर तिला घडल्या गोष्टीचा अर्थ लागतो आणि ती रडायला लागते. जेम तेव्हा तिच्याशी अगदी मायेने वागतो. म्हणजे कृती आधी आणि उमज नंतर, असा तिचा क्रम आहे. जेमचा क्रम बरोबर उलटा. हे एकदा दिसलं की पुढचे सगळे प्रसंग त्या उजेडात वाचता येतात.

तिसरा छोटासाच. घरातून पळून आलेला त्यांचा मित्र डिल पलंगाखाली सापडतो. जेम सरळ उठतो आणि वडिलांना सांगून टाकतो. मुलांच्या नियमात ही गद्दारी आहे आणि स्काउटला ती तशीच लागते. डिलची आई काळजीत असेल, हा विचार जेमच्या मनात आलेला असतो. मुलांच्या टोळीतून बाहेर पडण्याची ही खूण आहे. बहुतेक कादंबऱ्यांत असा एक क्षण सापडतो, तो शोधा.

५. मोठं होण्याची किंमत कोणी किती मोजली ते बघा

परिपक्वता म्हणजे बक्षीस, असं धरून लिहिलेले निबंध मला खोटे वाटतात. चांगल्या कादंबरीत कळण्याबरोबर काहीतरी हातातून जातं.

खटल्यात जेम पुराव्यांचा हिशोब लावतो आणि आपण जिंकणारच असं त्याला वाटतं. निकाल येतो तेव्हा प्रत्येक 'दोषी' शब्दाला त्याचे खांदे आचके देतात. त्यानंतरच्या दिवसांत तो बहिणीला आपला एक सिद्धांत सांगतो, की जगात माणसांचे चार प्रकार आहेत. ती म्हणते, मला तर एकच प्रकार दिसतो, माणसं. जेम म्हणतो, तुझ्या वयाचा असताना मलाही असंच वाटायचं. आणि मग म्हणतो की बू रॅडली इतकी वर्षं घरात का कोंडून राहिला हे आता मला थोडं कळायला लागलंय : त्याला बाहेर यायचंच नसेल.

बारा वर्षांच्या मुलाच्या तोंडी हे वाक्य आहे. त्याला जग कळलं आणि त्या जगात जावंसं वाटेनासं झालं. पुढे एकदा स्काउट त्या खटल्याचा विषय काढते तेव्हा तो तिची कॉलर धरून ओरडतो, की पुन्हा ते नाव माझ्यासमोर काढायचं नाही. आधीच्या प्रसंगांत बहिणीला सांभाळणारा हाच मुलगा.

पुष्कळ जण इथे 'जेमची परिपक्वता कमी झाली' असं लिहितात. मला ते पटत नाही. जखम झालेल्या जागेला हात लावला की माणूस झटकतो. जाणतेपण वाढलं आणि समंजसपणा तेवढ्या काळापुरता आटला, असं म्हणा. त्याच सुमारास तो स्काउटला एक साधा किडा चिरडू देत नाही, बाहेर नेऊन सोड म्हणतो. कारण काय, तर त्याने कोणाला त्रास दिलेला नाही. हा किडा आणि ती कॉलर एकत्र ठेवा. जेम त्या दोघांत मिळून आहे.

६. मागे घसरण्याच्या जागा लपवू नका

वाढ सरळ रेषेत होत नाही. शेजारच्या म्हाताऱ्या मिसेस ड्यूबोस वडिलांबद्दल वाईट बोलतात तेव्हा बारा वर्षांचा जेम त्यांची फुलझाडं तोडून टाकतो, तेही बहिणीसाठी नुकत्याच आणलेल्या काठीने. शिक्षा म्हणून त्याला महिनाभर त्यांच्या घरी जाऊन वाचून दाखवावं लागतं. त्या गेल्यावर कळतं की त्या मॉर्फिनच्या व्यसनातून सुटायची धडपड करत होत्या. त्यांनी जेमसाठी डब्यात एक पांढरं फूल पाठवलेलं असतं. तो डबा जाळात भिरकावतो. आणि प्रकरणाच्या शेवटी ते फूल हातात धरून त्याच्या पाकळ्या चाचपत बसलेला दिसतो. रागापासून पाकळ्या चाचपण्यापर्यंतचं हे अंतर लिहिलंत तर त्या तोडफोडीलाही अर्थ येतो. गाळलीत तर जेम पुतळा होईल.

स्काउटच्या बाबतीतही तसंच. खटल्यात सरकारी वकील टॉमशी ज्या सुरात बोलतो तो ऐकून डिल ढसाढसा रडतो, आणि स्काउट त्याची समजूत काढताना म्हणते की शेवटी तो काळाच तर आहे. वाचताना बोचतं. बोचू द्या आणि नोंद करा. भोवतालच्या समाजाकडून तिने काय उचललंय ते तिथे उघडं पडतं, आणि शेवटचं तिचं वागणं किती लांबून आलंय ते त्यावरूनच कळतं.

७. आता विधान लिहा

एवढं झाल्यावर एका वाक्यात आपलं म्हणणं मांडा. 'दोघेही परिपक्व होतात' हे विधान नाही, कारण त्याच्याशी कोणाचा वादच होणार नाही. माझं विधान असं आहे :

'जेमला जग आधी कळतं आणि त्या कळण्याने तो काही काळ मिटून जातो. स्काउटला उशिरा कळतं, पण कळलेलं ती लगेच दुसऱ्याशी वागण्यात उतरवते.'

यात दोघं आहेत, फरक आहे, वेळेचा क्रम आहे, आणि कोणीतरी 'मला नाही पटत' म्हणू शकेल. दुसऱ्या अर्ध्यासाठी माझा पुरावा दोन प्रसंगांचा. टॉम मारला गेल्याची बातमी स्वयंपाकघरात कळते, आणि बाहेर बायका चहाला बसलेल्या असतात. स्काउट आत्याकडे बघते, तबक उचलते आणि पाहुण्यांना खायला द्यायला जाते. आणि शेवटी बू रॅडलीला घरी सोडताना ती त्याला असा हात द्यायला लावते की बघणाऱ्याला वाटावं, तोच तिला सोबत करतोय. त्या लाजाळू माणसाचा मान राखण्याची ही कल्पना आठ वर्षांच्या मुलीला सुचते. मग ती त्याच्या व्हरांड्यात उभी राहून आपली गल्ली त्याच्या जागेवरून बघते.

एक सावधानता. या शेवटच्या प्रसंगात जेम नाही. तो हात मोडून बेशुद्ध पडलाय. तेव्हा 'स्काउटला बू समजला, जेमला समजला नाही' असं लिहू नका. त्याला संधीच मिळालेली नाही. शिवाय बूबद्दलचं मर्म तो कितीतरी आधी बोलून गेलाय. शेवटचं पान ज्याच्या वाट्याला आलं तो जिंकला, हा वाचकाचा भास असतो.

८. मांडणी

आधी एक पात्र पूर्ण आणि मग दुसरं, अशी मांडणी करू नका. ते दोन वेगळे निबंध होतात आणि तुलना वाचणाऱ्याच्या डोक्यावर पडते. प्रसंगवार जा, प्रत्येक परिच्छेदात दोघं हवेत. अडीच हजार शब्दांच्या निबंधाला तीन प्रसंग पुरतात, चार म्हणजे डोक्यावरून पाणी. अवतरणं छोटी घ्या, आणि प्रत्येक अवतरणानंतर त्यातला कुठला शब्द तुम्हाला महत्त्वाचा वाटला ते सांगा.

९. देण्याआधी हे तपासा

फसायच्या काही जागा वर येऊन गेल्या. राहिलेल्या अशा :

- मोठ्यांचं ऐकणं म्हणजे परिपक्वता, असं नकळत गृहीत धरलंय का? काही प्रसंगांत न ऐकणं हीच खरी वाढ असते. तुरुंगाबाहेरचा जेम आठवा.
- कमी बोलणारं पात्र गंभीर आणि बडबडं पात्र बालिश, असं झालंय का? हा स्वभाव झाला.
- मुलगी म्हणून 'लवकर समजूतदार' किंवा मुलगा म्हणून 'धीट', असे आयते साचे वापरलेत का? स्काउट झगा घालायला तयार नसते आणि मारामारी करते. तिच्यावर 'शहाणी मुलगी' हे माप कसंही घातलं तरी बसत नाही.
- वडिलांचे किंवा शिक्षकांचे विचार मुलांच्या नावावर टाकलेत का? ॲटिकसनी सांगितलेलं दुसऱ्याच्या जागी उभं राहण्याचं तत्त्व स्काउटच्या खात्यावर तेव्हाच जमा करा, जेव्हा ती ते स्वतः करते.
- 'पण', 'उलट', 'त्याच वेळी', 'त्याआधीच' असे दोघांना जोडणारे शब्द प्रत्येक परिच्छेदात आहेत का? नसतील तर तिथे तुलना तुटली आहे.

आणखी एक गोष्ट मी दर वेळी करते. ज्या पात्राला आपण कमी माप दिलं, त्याच्या बाजूने अर्धं पान लिहून बघते, जणू त्याचं वकीलपत्र घेतलंय. जेम-स्काउटवर लिहिताना मी आधी स्काउटकडे झुकले होते, कारण तो व्हरांडा मला फार आवडतो. जेमची बाजू मांडायला घेतली आणि ढोलीचं प्रकरण पुन्हा उघडलं. तो मळलेला चेहरा मी दोन वाचनांत ओलांडून गेले होते. निबंधाचं पहिलं पान बदलावं लागलं. तेव्हा हे अर्धं पान शेवटच्या रात्रीवर टाकू नका. पान बदलायला एक दिवस हातात राहील अशा बेताने लिहा.